वरचं किती, खालचं किती

रक्तदाब हा आपल्याकडे गप्पांचा विषय आहे. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले दोन साठीपुढचे गृहस्थ मुलंबाळं, गुडघे आणि पाऊसपाणी झालं की हमखास इथे येतात. "तुमचं वरचं किती असतं हो?" "एकशे चाळीस." "आणि खालचं?" "नव्वदच्या आतबाहेर." मग पलीकडून तिसरे कोणीतरी मठ्ठ्याचा घोट घेत सांगतात, "अहो, वय अधिक शंभर, एवढं चालतंच." या हिशेबाने सत्तरीच्या माणसाला १७० चालायला हवं. चालत नाही. डॉक्टरांनी हा आडाखा केव्हाच मोडीत काढलाय, पंगतीत मात्र तो अजून जिवंत आहे.

मला या संभाषणात खटकतं ते "असतं" हे क्रियापद. रक्तगट असतो. चपलेचा नंबर असतो. रक्तदाब त्या अर्थाने "असत" नाही, तो दिवसाकाठी लाखभर वेळा, दर ठोक्याला नव्याने घडतो. जिना चढलात, वर गेला. बॉसचा फोन आला, वर गेला. झोप लागली, खाली आला. आमच्या धंद्यात कोणी सर्व्हरवर एकदा लॉगिन केलं, सीपीयू किती टक्के चाललाय ते बघितलं आणि तेवढ्यावरून "हा सर्व्हर बदला" असं सांगितलं, तर आम्ही त्याला सरळ विचारू की बाबा रे, लॉग कुठाय? कुठल्या वेळचा आकडा, कशाने मोजला, किती वेळा मोजला? पण आयुष्यभराची गोळी सुरू करायची की नाही, हा निर्णय कित्येकदा एका दुपारी दीड मिनिटात घेतलेल्या एका आकड्यावर होतो.

म्हणून या शनिवारी मोजण्याच्या पद्धतींबद्दल. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पण मोजमाप हा आमच्याही कामाचा विषय, आणि गेल्या वर्षी घरातल्या एका प्रकरणामुळे यावर बरंच वाचणं आणि डॉक्टरांना विचारणं झालं. ते प्रकरण पुढे येईलच.

रक्तदाब पहिल्यांदा मोजला तो माणसाचा नव्हे, घोडीचा. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचा एक पाद्री होता. त्याने एका घोडीला आडवी बांधून तिच्या मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला उभी काचेची नळी जोडली. रक्त त्या नळीत हृदयाच्या पातळीपासून ८ फूट ३ इंच वर चढलं. हे त्याने १७३३ साली छापलं. पारा रक्तापेक्षा सुमारे तेरा पट जड, त्यामुळे आजच्या भाषेत हा आकडा १९० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास येतो. गंमत म्हणजे, बांधून घातलेली, भेदरलेली घोडी. इतिहासातलं पहिलंच रीडिंग घाबरलेल्या पेशंटचं आहे! हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माणसाच्या धमनीत दरवेळी नळी घालणं शक्य नव्हतं. सोपा उपाय १८९६ साली इटलीत रिवा-रोच्ची या डॉक्टरने काढला. सायकलची ट्यूब, शाईची दौत, तांब्याची नळी आणि पारा असल्या घरगुती सामानातून त्याने यंत्र बनवलं. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, मनगटाची नाडी लागेनाशी झाली की पारा कुठवर आलाय ते बघायचं. हे झालं "वरचं". "खालचं" या पद्धतीने मिळत नव्हतं. ते मिळवलं १९०५ साली सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोत्कोफ या सर्जनने. पट्ट्यातली हवा हळूहळू सोडताना त्याने कोपराच्या आतल्या बाजूला स्टेथोस्कोप लावला. आधी शांतता, मग टकटक सुरू, मग आवाज बदलत बदलत बंद. टकटक सुरू झाली तो वरचा आकडा, बंद झाली तो खालचा. हा सगळा शोध त्याने एका पानाहून कमी मजकुरात मांडला. आमच्याकडे एवढ्याशा बदलाचं डिझाइन डॉक्युमेंट चाळीस पानांचं होतं. :-)

पुढची शंभर वर्षं जगभरच्या दवाखान्यांत हेच चाललं. मूळ पद्धत उत्तमच आहे, पण तिच्यात मोजणारा कान आणि डोळा माणसाचा. आणि माणसाला शून्याची आवड. पाऱ्याच्या पट्टीवर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात, म्हणजे शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८. नीट वाचलं तर दर पाच नोंदींपैकी एक शून्यावर संपायला हवी. प्रत्यक्षात जुने केसपेपर काढून बघा, १२०, १३०, १४०, १५० यांचीच रांग दिसेल. जिथे १४० ही सीमारेषा आहे तिथे १३६ चे १४० होणं म्हणजे नुसतं पूर्णांकात लिहिणं नव्हे. एका माणसाला लेबल चिकटतं, किंवा उलट बाजूने निघून जातं. संशोधकांना हे इतकं छळायचं की १९७० च्या सुमारास ब्रिटनमध्ये एक वेगळंच यंत्र निघालं. त्यात पाऱ्याचा शून्य दरवेळी आपोआप थोडा सरकायचा आणि किती सरकलाय ते मोजणाऱ्याला आधी दिसायचं नाही. आकडा लिहून झाला की मग ते बघायचं आणि वजा करायचं. टेस्टिंगवाल्यांना या कल्पनेचं कौतुक वाटेल.

पारा आता जातोय. मिनामाता करारात पाऱ्याची रक्तदाब यंत्रं बंद करायला २०२० हे वर्ष धरलेलं होतं, काही देशांनी मुदती वाढवून घेतल्या. त्यांच्या जागी आली आपली घरोघरची डिजिटल मशीन्स. बऱ्याच जणांना वाटतं की मशीन आत बसून स्टेथोस्कोपसारखं काहीतरी ऐकतं. बहुतेक मशीन्स काहीच ऐकत नाहीत. पट्ट्यातला दाब कमी-जास्त होताना धमनीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेत बारीक बारीक लाटा उठतात, त्या ते मोजतं. लाटा सगळ्यात मोठ्या होतात तो साधारण सरासरी दाब. वरचा आणि खालचा आकडा मशीन त्या लाटांच्या आकारावरून गणिताने काढतं. आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं आपापलं, कुलूपबंद. म्हणजे तुमच्या घरातलं १३८ हे मोजमाप आणि अंदाज यांचं मिश्रण आहे, आणि सोर्स कोड कोणी दाखवत नाही.

मग विश्वास कशावर ठेवायचा? चाचणीवर. २०१८ साली अमेरिका, युरोप आणि आयएसओ यांनी मिळून एकच जागतिक मानक ठरवलं. किमान ८५ माणसांवर मशीनचे आकडे आणि प्रशिक्षित माणसांनी स्टेथोस्कोपने घेतलेले आकडे ताडून बघायचे. सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या आत आणि प्रमाण विचलन ८ च्या आत आलं तर मशीन पास. नीट वाचलंत ना? पास झालेलं मशीनसुद्धा एखाद्या विशिष्ट माणसाच्या बाबतीत बरंच चुकू शकतं. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर आणखी जास्त. म्हणून नवं मशीन घेतलं की एकदा दवाखान्यात घेऊन जायचं आणि तिथल्याशी जुळवून बघायचं. खर्च शून्य.

हे झालं यंत्राचं. खरा गोंधळ यंत्राच्या बाहेर आहे. दंड हृदयाच्या पातळीला हवा, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण का ते कोणी सांगत नाही. साधं पाण्याच्या टाकीचं गणित आहे. दंड हृदयाच्या जितका खाली, तितकं रक्ताच्या उंचीचं वजन मोजणीत मिळतं. एक सेंटीमीटरला पाऊण मिलिमीटर पारा. हात १० सेंटीमीटर खाली लोंबला की सात-आठने आकडा वाढला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी २०२४ मध्ये हे प्रयोग करून तपासलं. टेबलावर टेकलेल्या हातापेक्षा मांडीवर ठेवलेल्या हाताने वरचा आकडा सुमारे ४ ने जास्त आला, बाजूला लोंबत्या हाताने साडेसहाने. पट्ट्याचं त्याहून वाईट. त्यांचाच २०२३ चा अभ्यास आहे: ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो अशा जाड दंडाच्या लोकांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा जवळजवळ २० ने फुगतो. वीस! म्हणजे १२५ चा माणूस १४५ होऊन बाहेर येतो. आपल्याकडे किती दवाखान्यांत तीन मापांचे पट्टे दिसतात, तुम्हीच सांगा.

यात आणखी भर घाला. बोलणं. पायावर पाय टाकून बसणं. पाठीला टेकू नसणं. लघवी तुंबलेली असणं. नुकताच प्यालेला चहा, नुकतीच ओढलेली सिगरेट. आता आपला नेहमीचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तासभर नंबर लावून बसलेला माणूस, नाव पुकारल्यावर लगबगीने आत. स्टुलावर बसतो, पाठ टेकायला जागा नाही. शर्टाची बाही वर सरकवून पट्टा बांधला जातो, तेवढ्यात डॉक्टर विचारतात, "काय म्हणतंय पोट?" आणि तो सांगायला लागतो. यातला प्रत्येक घटक आकडा वर ढकलतो, आणि बहुतेक एकाच वेळी हजर असतात. यात डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. बाहेर चाळीस माणसं बसलीयत, प्रत्येकाला पाच मिनिटं शांत बसवून तीन वेळा मोजायचं तर दवाखाना रात्री दोनला बंद होईल.

आणि हे सगळं दुरुस्त केलं तरी एक गोष्ट उरतेच. डॉक्टर स्वतः. इटलीत मानचिया आणि मंडळींनी १९८३ साली दवाखान्यात भरती असलेल्या पेशंट्सच्या धमनीत नळी ठेवून सलग रक्तदाब नोंदवला, आणि मधे डॉक्टरला खोलीत पाठवलं. डॉक्टर आल्यापासून पहिल्या काही मिनिटांतच वरचा आकडा सरासरी २७ ने चढला, खालचा १५ ने. डॉक्टर फक्त पट्टा बांधून नेहमीसारखं मोजत होता. हीच ती हेल्सची घोडी. यालाच पुढे पांढऱ्या कोटाचा रक्तदाब म्हणायला लागले. थॉमस पिकरिंग यांनी १९८८ साली दाखवलं की दवाखान्यात खालचा आकडा थोडा वाढलेला आढळून "रक्तदाब आहे" असं ठरलेल्या आणि औषध न घेणाऱ्या लोकांपैकी पाचात एकाचा दाब दिवसभराच्या मोजणीत चक्क नॉर्मल होता.

आता आमच्या घरातलं प्रकरण. आप्पा त्र्याहत्तर वर्षांचे. आयुष्य एसटीच्या हिशेब खात्यात गेलं. सहा वर्षं रक्तदाबाची एक गोळी चालू. गेल्या वर्षी नेहमीच्या दवाखान्यात एकदा १६८/९० आलं, महिन्याने १७२. दुसरी गोळी वाढली. पंधरा दिवसांनी आईचा फोन: पहाटे उठून न्हाणीघरात जाताना आप्पांना अंधारी आली, बेसिनला धरून उभे राहिले म्हणून वाचले. त्या वयात मांडीचं हाड मोडणं काय असतं ते आमच्या घराने आजीच्या वेळी बघितलंय. मी शनिवारी गेलो ते मशीन घेऊनच. बसून मोजलं, ११२/६४. मग त्यांना उभं केलं आणि एका मिनिटाने परत मोजलं, वरचं ९४. उभं राहून मोजणं हीसुद्धा एक पद्धत आहे, वयस्कर माणसांत ती फार महत्त्वाची, आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरली जाणारी.

आप्पांना म्हटलं, "आप्पा, तुम्ही आठवडाभर वहीत लिहाल का?" ज्या माणसाने तीस वर्षं डेपोचा हिशेब जुळवला त्याला हे विचारायला नको होतं. घरी मोजायची पद्धत ठरलेली आहे. सात दिवस, सकाळी (गोळ्यांच्या आधी) आणि संध्याकाळी, पाच मिनिटं गप्प बसून, एक-एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. पहिला दिवस सोडून द्यायचा, कारण त्या दिवशी माणूस मशीनलाच बिचकतो. उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी. एका आकड्यापेक्षा चोवीसांची सरासरी किती भरवशाची, हे संख्याशास्त्र शिकलेल्यांना सांगायला नको. आप्पांनी डायरीच्या मागच्या पानांवर रकाने आखून, कुठेही शून्याची खैरात न करता, १०९, ११७, १२१ असं जसंच्या तसं लिहिलं. सरासरी आली ११५/६६.

ती वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मनात धाकधूक होती, गुगल करून आलेला मुलगा म्हणून हाकलतील की काय. पण त्यांनी पानं शांतपणे वाचली. तिथेच मोजलं तर १६६! हसले, आणि म्हणाले, "आप्पा, तुम्हाला माझीच ॲलर्जी दिसतेय. चोवीस तासांचं मशीन लावू."

हे चोवीस तासांचं मशीन ही तिसरी पद्धत. कमरेला एक डबी, दंडाला पट्टा. दिवसा दर वीस-तीस मिनिटांनी आणि रात्री जरा सावकाश पट्टा आपोआप फुगतो आणि नोंद होते. सकाळी फिरायला जा, जेवा, वामकुक्षी करा, फक्त पट्टा फुगला की हात स्थिर ठेवा. आप्पांचं म्हणणं, "दर अर्ध्या तासाने कोणीतरी दंड धरून 'चला, चला' करतंय असं वाटतं." रात्री झोप थोडी मोडली. पण सकाळी हातात आलेला आलेख बघून मला आमच्या प्रॉडक्शन सर्व्हरचा मॉनिटर आठवला. चोवीस तासांची सरासरी ११८/६६. दुसरी गोळी डॉक्टरांनी काढली. महिन्याने परत आठवडाभर वही, सरासरी १२९/७४. अंधारी गेली. हे सगळं डॉक्टरांनी केलं, परस्पर गोळी बंद करण्याचा उद्योग आम्ही केला नाही आणि कोणी करूही नये. आकडे घेऊन जाणं एवढंच आपलं काम.

एवढं वाचून "म्हणजे दवाखान्यातला आकडा जास्तच येतो, काळजी नको" असं कोणाला वाटलं तर घोटाळा होईल. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मित्र, वय एकेचाळीस. दरवर्षी कंपनीच्या तपासणीत १२८/८२, शेरा "नॉर्मल". चष्म्याचा नंबर काढायला गेला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बघून शंका आली. चोवीस तासांचं मशीन लावलं. दिवसा १४६/९४. आणि रात्री १३८/८८. झोपेत दाब साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरायला हवा, याचा जेमतेम उतरत होता. पुढे तपासणीत निघालं की झोपेत श्वास अडकतो. बायको पाच वर्षं सांगत होती की हे फार घोरतात. वर्षातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, ऑफिसला सुट्टी असताना मोजलेला दाब छान येणारच. रात्री साडेदहाच्या क्लायंट कॉलवर कोण मोजतंय?

याला छुपा रक्तदाब म्हणतात. वेगवेगळ्या पाहण्यांत साधारण दहात एकाला तो सापडतो. पांढऱ्या कोटाचा रक्तदाब निदान दवाखान्यात दिसतो तरी, हा दिसतच नाही. स्पेनमध्ये सुमारे ५९ हजार लोकांना चोवीस तासांचं मशीन लावून जवळजवळ दहा वर्षं मागोवा घेतला, तो अभ्यास २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. पुढे मृत्यूचा धोका कोणाला जास्त, हे दवाखान्यातल्या आकड्यापेक्षा चोवीस तासांच्या आकड्याने कितीतरी चांगलं सांगितलं. आणि सगळ्यात जास्त माहिती होती रात्रीच्या, झोपेतल्या आकड्यात. जो आकडा दवाखान्यात किंवा नेहमीच्या घरच्या मशीनवर मिळणारच नाही.

म्हणूनच सीमारेषासुद्धा पद्धतीप्रमाणे बदलते, हे फार कमी लोकांना माहीत असतं. दवाखान्यात १४०/९०. घरच्या आठवड्याच्या सरासरीला १३५/८५. चोवीस तासांच्या सरासरीला १३०/८०. त्यातही जागेपणीची १३५/८५ आणि झोपेतली १२०/७०. एकच माणूस, एकच रोग, पाच मोजपट्ट्या. त्यात अमेरिकेने २०१७ साली दवाखान्यातली रेषाच १३०/८० वर आणली, युरोपने १४०/९० कायम ठेवली. म्हणजे १३४/८४ चा माणूस विमानात बसून शिकागोला उतरला की रुग्ण होतो.

यातला एक धागा तर खास मोजमापवाल्यांसाठी. अमेरिकेची रेषा खाली येण्यामागे २०१५ च्या 'स्प्रिंट' नावाच्या चाचणीचा मोठा हात. नऊ हजारांवर लोक. वरचा दाब १४० ऐवजी १२० च्या खाली नेला तर हृदयविकार आणि मृत्यू कमी झाले. पण तिथे मोजलं कसं? पाच मिनिटं शांत बसवून, यंत्राने आपोआप तीनदा, आणि बऱ्याच ठिकाणी खोलीत दुसरं कोणी नसताना. तो १२० आणि आपल्या स्टुलावरचा १२० हे दोन वेगळे आकडे आहेत. आकडा घेतला आणि पद्धत मागे सोडली, तर माणसं चक्कर येऊन पडणार. एपीआय वापरताना युनिट न बघण्यासारखंच आहे हे.

मग सगळ्यांना चोवीस तासांचं मशीन लावायचं का? ब्रिटनने २०११ साली जवळपास तसंच ठरवलं: दवाखान्यात जास्त आलं तर निदान पक्कं करायला चोवीस तासांची मोजणी, जमत नसेल तर घरची. आपल्याकडे हिशेब वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने भारतात सुमारे २२ कोटी प्रौढांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यातल्या जेमतेम १२ टक्क्यांचा काबूत आहे. बहुतेकांच्या दंडाला पट्टा लागलेलाच नाही, लागला तर गोळी पुढच्या महिन्यात संपलेली. २०१७ साली सुरू झालेल्या सरकारी उपक्रमात पहिल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. तिथे भर आहे तो साध्या गोष्टींवर: प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या प्रत्येक प्रौढाचा दाब डिजिटल मशीनवर मोजा, ठरलेली औषधं द्या, परत बोलवा. हे बरोबरच आहे. स्टुलावर घेतलेला आकडा निकाल म्हणून कच्चा असेल, पण चाळणी म्हणून तो हवाच. आणि आकडा १८०/११० वगैरे आला, किंवा सोबत छातीत दुखणं, एका बाजूची शक्ती जाणं, नजर धूसर होणं असं काही असेल, तर सात दिवसांची वही घालायची नसते, तडक दवाखाना गाठायचा असतो.

माझं म्हणणं मधल्या मोठ्या घोळक्याबद्दल आहे. १३० ते १६० च्या पट्ट्यातली माणसं. तिथे पाच-दहा मिलिमीटरने गोळी ठरते, आणि पाच-दहा मिलिमीटर तर लोंबता हात, छोटा पट्टा आणि एक प्रश्न यांतच निघून जातात. या घोळक्यासाठी दोन-अडीच हजारांचं दंडाचं मशीन आणि एक वही पुरते. मनगटाचं मशीन नको, त्यात हाताच्या उंचीचा गोंधळ आणखी वाढतो. पट्ट्याशिवाय आकडा सांगणारी घड्याळं तर निदानासाठी वापरूच नका, असं २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय. पहिल्या वेळी दोन्ही हातांचा दाब घ्या आणि जास्त येईल तो हात पुढे कायम धरा. दोन हातांत पंधराहून जास्त फरक दरवेळी येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, ती रक्तवाहिनीची वेगळी गोष्ट असू शकते. आणि आवडलेला आकडा येईपर्यंत पुन्हा पुन्हा मोजू नका. तीनदा मोजून सगळ्यात लहान लिहिणं हा प्रकार घरोघर चालतो. :-)

शेवटी एक अगदी व्यवहाराचं. उद्या रविवार. तुमच्याकडेही आईवडिलांसाठी कधीतरी आणलेलं मशीन टीव्हीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये असेल. त्यातले सेल बघा, पट्ट्यावर लिहिलेलं माप बघा आणि टेपने दंडाचा घेर मोजून ते जुळतंय का तपासा. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर, पाच मिनिटं कोणी कोणाशी बोलायचं नाही. आमच्या घरात सगळ्यात अवघड जातं ते हे शेवटचं.